कागदावरचा भाऊ

तारीख ४, सोमवार

सगळ्यात आधी आली ती शिंपीणबाई. येणारच. गल्लीत कुणाच्या दारी नवं काही आलं आणि ती दुसरी पोचली, असं अजून घडलेलं नाही. गळ्यात मापाची फीत, तोंडात टाचण्या. टाचण्या धरून ही बोलते कशी, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. म्हणते, "अगंबाई, जुनी म्हणाला होतात ना? ही तर माझ्या जावयापेक्षा तरतरीत दिसते!" म्हटलं, जुनीच आहे गं, पण घड्याळवाल्यांच्या हातची आहे. जो माणूस चाळीस वर्षं मोहरीएवढे स्क्रू पुसत बसला, त्याची मोटारसायकल कशी असणार?

मग कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला आला, न बोलावता. त्याने चाकाला एक लाथ घातली आणि मान हलवली. लाथ घालून काय कळतं देव जाणे, पण पुरुषमाणसं घालतात.

घड्याळवाले स्वतः गाडी ढकलत घेऊन आले होते. चालवत नाहीत आता, नजर गेली. म्हणूनच तर विकली. पैसे त्यांनी दोनदा मोजले, एकेक नोट डोळ्याला लावून, आणि तिसऱ्यांदा चिमणीकडून मोजून घेतले. चिमणी म्हणजे माझी नात, दहा वर्षांची. पैसे म्हणजे आमचं कपाट. विकलं ते. उरलेले सुनेने धुलाईच्या कामावरून उचल घेऊन आणले. आता कपडे दोरीवर. खोलीत शिरलं की आधी मुलाची विजार तोंडाला लागते, मग माणसं दिसतात.

पण मुलगा हसला. काचेचा कारखाना बंद पडल्यापासून अकरा महिन्यांत आज पहिल्यांदा. उद्यापासून दातवाल्या शेठकडे कामाला. तिथे कवळ्या बनतात, त्या दातांच्या डॉक्टरांना पोचवायच्या. स्वतःची गाडी असेल तरच काम, असं शेठ म्हणाला होता. चिमणीने विचारलं, "बाबा, म्हणजे तू आता लोकांचे दात घेऊन फिरणार?" तर म्हणाला, "हो, आणि तू अभ्यास नाही केलास तर तुलाही चावायला लावीन." सून हसली, मी हसले. शिंपीण एवढी हसली की एक टाचणी खाली पडली, आणि मग आम्ही सगळ्या टाचणी शोधत बसलो.

ही वही चिमणीची, मागच्या वर्षीची, अर्धी कोरी. म्हणाली, आजी, रोज लिही म्हणजे अक्षर सुधारेल. मी शाळेत दोन इयत्ता गेले तेवढीच. लिहायला घेतलं की भराभर होतं, बोलल्यासारखं. वाचायला मात्र अक्षराखाली बोट धरावं लागतं, म्हणून लिहिलेलं मी परत वाचत नाही. चिमणी पण वाचत नाही. दैनंदिनी खाजगी असते म्हणे. मला खाजगी असं काही आयुष्यात पहिल्यांदाच मिळालंय.

तारीख ६, बुधवार

आज मला भाऊ झाला. बहात्तराव्या वर्षी!

झालं असं. गाडी दुकानातून घेतली तर पालिकेचा कर दुकानदार भरतो. माणसाने माणसाकडून जुनी घेतली तर घेणाऱ्याने स्वतः जाऊन भरायचा. हे आम्हाला कुठे ठाऊक? मुलगा खिडकीवर गेला. तिथल्या माणसाने एक पुस्तक काढलं. त्यात सगळ्या गाड्यांच्या किमती छापलेल्या. आपण काय दिले ते विचारतच नाहीत, पुस्तकात असेल त्यावर कर. मुलगा म्हणाला, अहो एवढ्याला मी घेतलीच नाही, माणूस ओळखीचा, त्याने स्वस्तात दिली. तर तो म्हणाला, "पुस्तकात आहे." तीनदा तेच. कर निघाला गाडीच्या निम्मा. नाकापेक्षा मोती जड.

आणि कर भरल्याशिवाय पालिकेचा बिल्ला नाही. बिल्ल्याशिवाय गाडी मधल्या बाजारात सोडत नाहीत. दातांचे डॉक्टर सगळे बसतात मधल्या बाजारात. इथेच घोडं पेंड खातं.

एकच वाट होती. जवळच्या नातेवाइकाने गाडी नुसती दिली असेल, तर कर माफ. कागदावर एक रकाना असतो, नातं काय म्हणून. मुलगा संध्याकाळी घड्याळवाल्यांकडे जाऊन बसला. बोलायची हिंमत होईना. शेवटी तेच म्हणाले, "मामा लिही. मला कोण विचारायला येतंय? आणि आलं कुणी तर तेवढ्याच गप्पा." त्यांनी सही केली, डोळा कागदाला लावून.

घरी येऊन मुलगा मला म्हणतो, "आई, कुणी विचारलं तर घड्याळवाले तुझे भाऊ. एवढंच म्हणायचं. जास्त बोलायचं नाही."

जास्त कशाला बोलेन मी? (सून भांडी घासता घासता का हसली, ते विचारायचं राहिलं.)

आम्ही पाच बहिणी. भाऊ नाही. आई-वडील गेले आणि माहेर संपलं. सासूशी भांडण झालं की बाकीच्या बायका गाठोडं बांधून भावाकडे जायच्या, मी विहिरीपर्यंत जाऊन परत यायची. आता भाऊ आहे आणि सासूच नाही. दात आहेत तर चणे नाहीत, तसं.

हे खोटं आहे, एवढं मला कळतं. मनात एक खडा टोचतोच. पण पालिकेने त्यावर शिक्का मारला. लिहून त्यावर शिक्का बसला की ते खोटं कसं राहील? आपल्या बोलण्याला किंमत नसते, लिहिलेल्याला असते. ते पुस्तकातल्या किमतीचं नाही का? आपण खरं बोलत होतो, तरी पुस्तकच खरं ठरलं.

तारीख ९, शनिवार

आज भाऊ आला.

दुपारी आला, हातात गजराचं घड्याळ. माझ्यासाठी. स्वतः जुळवलेलं. म्हणाला, "ताई, माहेरचं काहीतरी असावं घरात." मी म्हटलं, ताई कसली, तुम्ही माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे! तर म्हणाला, "बरं, धाकटे, चहा टाक." धाकटे! मला लाजल्यासारखंच झालं. चहात साखर दोनदा घातली. त्याने तसाच प्याला.

गाडीला बिल्ला लागला. मुलगा दिवसाला अकरा डॉक्टर करतो. रात्रीचं ताट पुसून खातो.

तारीख १३, बुधवार

आज केवढी माणसं आली! बोलून बोलून माझा घसा बसलाय.

मुलगा कामावर, सून कामावर, मी एकटी. दारात एक जाड साहेब आणि एक पोरगी. साहेबाचा श्वास जिन्यातच संपलेला. पोरीच्या हातात लाकडी पाटी, तिला चिमटा, त्यात कागद. पालिकेची माणसं, वाहनकराची. मी म्हटलं, या, बसा. खुर्ची एकच, ती साहेबाला दिली. ती करकरली, पण टिकली. पोरगी पलंगावर बसली, दोरीवरच्या परकराखाली. चहा झाला. बिस्किटंही दिली.

साहेब म्हणाला, "आजी, मागच्या वर्षी या गावात चार मामांनी भाच्यांना गाड्या दिल्या होत्या. या वर्षी तीनशे बारा मामा निघालेत. भाच्यांचं पीक आलंय नुसतं."

शिंपीण दारात आलेलीच होती. ती म्हणाली, "साहेब, असे मामा आमच्या लहानपणी का नव्हते हो?"

"कारण तेव्हा कर नव्हता," साहेब म्हणाला. हसला नाही. "पालिकेलाच मामा बनवायला निघालेत लोक."

मग मला विचारलं, घड्याळवाले तुमचे कोण. म्हटलं, भाऊ. सख्खे? सख्खे. एवढंच बोलायचं ठरलं होतं, मी एवढंच बोलले. पण ती पोरगी फार गोड. म्हणाली, "आजी, लहानपणी भांडायचात का भावाशी?" आता असं कुणी प्रेमाने विचारलं तर गप्प बसायचं का? भावाबद्दल मला आयुष्यात कुणी काही विचारलेलंच नाही! सांगितलं मग. कसा मला पाठुंगळी घ्यायचा. कसा माझ्या वाटणीचं दूध प्यायचा आणि मांजरावर ढकलायचा. कसा माझ्यासाठी चिंचा पाडायला झाडावर चढला, आणि फांदी मोडली, आणि हात मोडला.

"कुठला हात?" साहेबाने विचारलं.

"उजवा," मी म्हटलं. "कोपरातून. कधी सरळ झाला नाही."

पोरीने लिहून घेतलं. मला त्या मोडक्या हाताचं खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. शिंपीणही रडली. तिला सगळं माहीत असून रडली!

जाताना पोरीने चहाच्या कपाबद्दल आभार मानले आणि कप स्वतः विसळून ठेवला. चांगल्या घरची दिसते.

तारीख १४, गुरुवार

आमच्याकडून उठून ते सरळ भावाकडे गेले होते.

साहेबाने त्याला विचारलं, लहानपणी कधी हाडबिड मोडलं होतं का? भाऊ बिचारा काय समजणार? त्याने दोन्ही हात पुढे केले, बोटं ताठ धरून, आणि म्हणाला, "बघा. एकोणऐंशी वर्षांत एक ओरखडा नाही. हे हात होते म्हणून घड्याळं केली."

आज सकाळी गाडीचा नंबर काढून नेला. मागचा आणि पुढचा, दोन्ही. गाडी आहे, पण तोंड नसलेल्या माणसासारखी दिसते. बारा दिवस दिलेत. तोवर नात्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नाही दाखवला तर तिप्पट कर, गाडी जप्त, आणि खोटं लिहून दिल्याबद्दल मुलावर आणि घड्याळवाल्यांवर खटला.

मुलगा मला एक शब्द बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सूनच म्हणाली, "आई, हात कशाला मोडायचा होता हो? निदान पाय तरी मोडायचा." आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता नळाकडे गेली. नळ बराच वेळ वाहत होता. भांडी तर सगळी घासून झाली होती.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझी आई म्हणायची. आणि मी तर नसलेला तीळही सांडला.

तारीख १७, रविवार

भावाकडे गेले होते. त्याच्या खोलीत बावीस घड्याळं आहेत आणि सगळी वेगवेगळी वेळ दाखवतात. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "दिसत नाहीत आता, पण आवाजावरून ओळखतो कुठलं कुठलं ते."

मी म्हटलं, गाडी परत घ्या, पैसे परत द्या, सगळंच मिटवून टाकू. त्याने एक घड्याळ कानाला लावलं. मग म्हणाला, पैसे डोळ्यांच्या डॉक्टरकडे भरले. पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं करणार. एकाचंच. म्हणाला, "परत मागतो हवं तर." मी म्हटलं, नको. कशी हो म्हणणार? भाऊ आहे माझा.

मग आम्ही दोघं तयारीला बसलो, परत विचारायला आले तर सारखं सांगता यावं म्हणून. आधी बाप कुठला घ्यायचा ते ठरवलं. त्याचा बाप नावाडी, माझा बाप वीटभट्टीवर. भाऊ म्हणाला, नावाडी घेऊ, तो निदान पोहायला शिकवायचा. मी म्हटलं, चालेल, माझा बाप मारकुटा होता, जाऊ दे त्याला. भाऊ म्हणाला, "बाप माझा घेतला, आता आई तुझी." मी हो म्हटलं. त्याने विचारलं, कशी होती? मी सांगायला लागले. सांगता सांगता बघितलं तर त्याचं लक्ष नव्हतं. म्हणाला, "माझी आई गाताना एक सूर नेहमी चुकवायची." मग तो म्हणाला, "धाकटे, आई नाही गं बदलता येत." मलाही आली नसती.

तयारी तिथेच राहिली. चहा पिऊन परत आले.

तारीख २०, बुधवार

मुलगा चार दिवस पायी आणि बसने दात पोचवत होता. पेटी छातीशी धरून. काल एक कवळी उशिरा पोचली. डॉक्टरच्या खुर्चीत बसलेला म्हातारा वाट बघून तसाच उठून गेला. शेठने सांगितलं, "माणूस तू चांगला आहेस, पण मला गाडी लागते. महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर दुसरा बघतो." आणि तोवर घरी बस म्हणाला.

आज मुलगा भिंतीकडे तोंड करून निजला. दिवसभर.

मी कपड्यांची दोरी काढली. गुंडाळून शिंपिणीकडे ठेवायला दिली. मागच्या वेळी, कारखाना बंद पडला तेव्हाही, दिली होती. तेव्हाही तिने कशाला असं विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही. टाचण्या काढून ठेवल्या तोंडातल्या, आणि दोरी आत नेली.

कपडे खुर्चीवर ठेवलेत.

तारीख २२, शुक्रवार

लेखी काहीतरी. लेखी काहीतरी. हेच डोक्यात.

साहेब जाताना म्हणाला होता, जुनं पत्र, वही, काहीही चालेल, पण लेखी. आमच्या घरात लेखी काय आहे? विजेचं बिल. चिमणीचं प्रगतिपुस्तक. औषधाची बाटली. सून म्हणाली, "आपण सरळ खरं सांगू या का?" मुलगा भिंतीकडूनच म्हणाला, "सांगून काय होणार? पुस्तकात आहे."

पंधरा दिवसांपूर्वी चावायला लावीन म्हणणारा माणूस हा.

जेवायला उठवलं तर उठला. दोन घास. मी त्याला घड्याळ दाखवलं, हे बघ, तुझ्या मामाने दिलेलं, किती छान वाजतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी घड्याळ परत फळीवर ठेवलं.

त्याला बसवून ठेवायला मी काय करू? लहानपणी ताप आला की मी त्याला गोष्ट सांगायची आणि शेवट सांगायचाच नाही, म्हणजे ऐकायला तो जागा राहील. आता गोष्टच सुचत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचत नाही.

तारीख २६, मंगळवार

सुचलं! अगदी ऐनवेळी सुचलं, आणि तेही बोलता बोलताच. सगळं नीट सांगते.

आज बारावा दिवस. साहेब आणि पोरगी आले. मुलगा घरी नव्हता. सून त्याला बळेच बरोबर घेऊन गेली होती, धुलाईच्या मालकाकडे काही काम मिळतं का बघायला. बरंच झालं. मी एकटी असले की मला सुचतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं.

साहेब गाडी बघायला खाली थांबला, जिना नको म्हणून. पोरगी वर आली. दोरीची जागा रिकामी बघून म्हणाली, "आजी, दोरी काढलीत?" म्हटलं, हो, काढली. तिने खुर्चीवरच्या कपड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं मला नाही कळलं. खाली बसली माझ्याशेजारी, जमिनीवरच.

"आजी," म्हणाली, "लेखी काही मिळालं का?"

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंच होतं. आणि समोर फळीवर, घड्याळाच्या शेजारी, ही वही!

अगं, मी उडालेच. रोज लिहितेय! 'आज भाऊ आला,' असं माझ्या हाताने लिहिलंय, तारीख घालून! त्याने घड्याळ दिलं तेही लिहिलंय, मला धाकटे म्हणाला तेही. याच्याहून लेखी काय असतं? मी वही तिच्या हातात दिली. म्हटलं, घे बाई, वाच. खाजगी आहे, पण तू वाच.

तिने वाचली. मी शेजारी बसून बघत होते. माझी वही वाचणारं हे पहिलं माणूस. पहिल्या पानापासून वाचली तिने, सावकाश. मध्ये एकदा हसली, टाचण्यांपाशी असणार. मग हसली नाही. पुढे पुढे तिने पानं उलटायचीच थांबवली आणि एका पानावर हात ठेवून बसली. नाक ओढलं. मी म्हटलं, रडतेस काय, माझं अक्षर एवढं वाईट आहे का? ती म्हणाली, "अक्षर छान आहे, आजी."

तेवढ्यात साहेब वर आला, धापा टाकत. "काय मिळालं?"

पोरगी म्हणाली, "काही नाही, सर. घरगुती वही आहे. किराणा वगैरे."

मला रागच आला! किराणा? म्हटलं, साहेब, सगळं आहे त्यात. गाडी आली त्या दिवसापासून एकेक गोष्ट. माझा भाऊ, त्याचं येणं-जाणं, सगळं.

"पहिल्या दिवसापासून?" साहेब म्हणाला. आज पहिल्यांदा तो हसला. "वा, आजी. वा! असा पुरावा मला तीनशे बारा मामांत कुणी दिला नाही." खुर्चीवर कपडे होते म्हणून उभाच राहिला. पोरीला म्हणाला, ताब्यात घ्यायचा तर कागदपत्र लागतील, साक्षीदार लागेल, ते सगळं घेऊन येऊ आणि वही रीतसर नेऊ. मला म्हणाला, "जपून ठेवा हं." इतका आदराने बोलला! आणि जिना उतरायला लागला.

पोरगी मागे राहिली. माझा हात धरला. हात गार होता तिचा. म्हणाली, "आजी, नीट ऐका. वह्या हरवतात. पाणी सांडतं. उंदीर कुरतडतात. कुणी कुणाला दोष देत नाही."

म्हटलं, पोरी, माझ्या हातून आजवर एक चमचा हरवलेला नाही.

ती म्हणाली, "हे पहिलं पान बघा. आणि त्याच्या पुढची, लिहिलेली सगळी. सैल झालीयेत. सुटून पडली तर कुणाला कळणारही नाही." आणि तिने ती सगळी पानं बोटांनी अशी धरली, अशी, आणि माझ्याकडे बघत राहिली. खालून साहेबाने हाक मारली. "कळलं ना, आजी?" म्हणाली. म्हटलं, कळलं गं बाई, तू जा निश्चिंत.

किती काळजी परक्या पोरीला! ती गेल्यावर बघितलं, तर खरंच थोडी सैल होती पानं. शिंपिणीकडून सुई आणि जाड दोरा आणला, दुहेरी केला, आणि सगळी पानं पक्की शिवून टाकली. वरून खालपर्यंत, बारीक टाके. आता वही फाटेल पण ती पानं सुटायची नाहीत. शिंपीण म्हणाली, "आजी, टाका माझ्यापेक्षा सुबक घातलात."

आणि तिच्याकडून दोरी परत आणली. ती देईना. "राहू द्या ना अजून चार दिवस," म्हणाली. म्हटलं, आता काळजीचं कारण नाही, आता आपल्याकडे लेखी आहे. साहेबाला बसायला खुर्ची मोकळी नको का? दोरी बांधली, दोन्ही टोकांना डबल गाठ, आणि कपडे घड्या घालून ओळीने टाकले.

मुलाला सांगितलेलं नाही. आत्ताच आला आणि निजला, भिंतीकडे तोंड करून. सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण या वेळी मी तोंड घट्ट मिटून धरलंय. त्याला समोरासमोरच दिसू दे. भावालाही निरोप धाडलाय, धुतलेला सदरा घालून ये म्हणून. बिस्किटं आणली आहेत, चांगल्यातली.

गुरुवारी येतो म्हणालेत. सकाळीच.